नावावर टाकलेला रुमाल

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली. आम्हा नगरकरांना त्याचा अभिमान आहे आणि दर एक जूनला तो आम्ही न चुकता फॉरवर्ड करतो. पण एसटीच्या जोडीने महाराष्ट्रात आणखी एक प्रथा रुजली, तिचा वर्धापनदिन मात्र कुणी साजरा करत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. तिकीट काढलेलं नसतं, माणूस अजून खाली उभा असतो, तरी त्या सीटवर बसायला कुणी धजावत नाही. दिवाळीच्या गर्दीत माळीवाड्याच्या स्टँडवर मी अशीही पोरं पाहिली आहेत, ज्यांना कुठेच जायचं नसायचं. ती चार सीटांवर चार रुमाल टाकायची आणि लेकुरवाळ्या बाईकडून दहा-वीस रुपये घेऊन सीट सोडायची.

इंटरनेटवर या धंद्याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन नेम, जगात एकदाच देता येतं. एका नावाच्या दोन व्यक्ती असू शकतात, दोन गावं असू शकतात, पण 'डॉट कॉम'च्या आधीचं ते नाव एकाच्याच हातात राहतं. आणि ते कुणाला द्यायचं याचा नियम स्टँडवरचाच आहे: जो आधी रुमाल टाकेल त्याला. तुमचं नाव खरंच ते आहे का, हे नोंदणी करताना कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे रुमाल फुकट होते. १९९५च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत डोमेन नोंदवायला पैसेच पडत नसत. त्यानंतर दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. त्या फुकटच्या काळात, १९९४ साली, जोशुआ क्विट्नर नावाच्या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकासाठी एक उद्योग केला. मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम रिकामं आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कंपनीला फोन करून तसं सांगितलंही. तिथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग त्याने ते स्वतःच्या नावावर केलं आणि याचं काय करू, असं वाचकांनाच जाहीरपणे विचारलं. कंपनीला जाग आल्यावर त्याने एका शाळेला इंटरनेट जोडणीसाठी पैसे द्यायला लावून नाव परत केलं. इतका दिलदार रुमालवाला पुन्हा झाला नाही. वर्षभरातच डेनिस टोपेन या माणसाने मोठमोठ्या कंपन्यांची शंभरेक नावं धरली आणि पॅनाव्हिजन या सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीकडे तिच्याच नावाचे तेरा हजार डॉलर मागितले. कंपनी कोर्टात गेली आणि १९९८ साली अपिलातही जिंकली.

कंपन्यांपाठोपाठ माणसांची पाळी आली. प्रसिद्ध माणसाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा सोपं सावज असतं, कारण कंपनी निदान ट्रेडमार्क नोंदवते. तुमचं-आमचं नाव आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं असतं, त्याची नोंद जन्मदाखल्यावर असते, ट्रेडमार्कच्या रजिस्टरवर नसते. न्यू जर्सीतल्या एकाने ज्युलिया रॉबर्ट्सचं नाव घेऊन ते ई-बे या लिलावाच्या साइटवर चढवलं. बोली गेली २,५५० डॉलरपर्यंत. मॅडोना डॉट कॉम एकाने वीस हजार डॉलरला विकत घेऊन त्यावर अश्लील साइट चालवली. तक्रार झाल्यावर तो म्हणाला, मी हे नाव मॅडोना नावाच्या हॉस्पिटलला दान करणार आहे! ही दोन्ही नावं २००० साली परत मिळाली.

ती मिळाली एका नव्या व्यवस्थेमुळे. १९९९मध्ये डोमेनच्या वादांसाठी जगभर एकच धोरण ठरलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. कोर्टात न जाता पंचापुढे कागदोपत्री निवाडा होतो. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन आपल्या मार्काशी सारखं आहे, ते धरणाऱ्याचा त्यावर कसलाही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशी तक्रार करायची तर एका पंचाची फी दीड हजार डॉलर. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

यातली मला सगळ्यात आवडणारी केस जेनेट विंटरसन या ब्रिटिश लेखिकेची आहे. केंब्रिजमधल्या एका संशोधकाने शंभराहून अधिक लेखकांची नावं डोमेन म्हणून घेतली होती. लेखकांकडून त्याने काय मागावं? त्यांच्या पुस्तकांच्या एका वर्षाच्या विक्रीचे तीन टक्के! प्रकाशक देतो त्या रॉयल्टीतसुद्धा लेखकाला किती घासाघीस करावी लागते हे ज्याला माहीत आहे, त्याला या तीन टक्क्यांचं मोल कळेल. विंटरसनबाई लढल्या. त्यांचं नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क नव्हतं. पण त्या नावाने पुस्तकं खपतात, वाचक त्या नावावर विश्वास ठेवतात, एवढ्यावर ते त्यांचा मार्क ठरतं, असं पंचांनी मे २०००मध्ये मान्य केलं.

याउलट स्टिंग हा गायक हरला. कारण 'स्टिंग' म्हणजे डंख, तो शब्द कुणाही मधमाशीचा आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन तर पूर्ण नाव असूनही २००१मध्ये हरला. ज्या कॅनडियन गृहस्थाकडे ते नाव होतं त्याच्याकडे अशी शेकडो नावं होती. तोच पुढे २००६मध्ये टॉम क्रूझकडून हरला. म्हणजे निकाल पंच बदलला की बदलायचा. कायद्याचं पोरवय होतं, दुसरं काय.

आपल्याकडे हा खेळ मुंबईत लवकर पोचला. रेडिफ डॉट कॉम त्या काळचं मोठं नाव. कुणीतरी त्यातला एक 'ई' काढून 'ए' घातला आणि रॅडिफ डॉट कॉम सुरू केलं. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि डोमेन हा निव्वळ पत्ता नसून ट्रेडमार्कसारखंच त्याचं संरक्षण व्हायला हवं, अशी भूमिका घेतली. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये त्याच विचारावर शिक्कामोर्तब केलं. मात्र सायबरस्क्वॉटिंग हा शब्द आपल्या कुठल्या कायद्यात शोधायला जाल तर सापडणार नाही. अमेरिकेने १९९९मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. आपण आपला माल दुसऱ्याच्या नावाने खपवण्याविरुद्धच्या जुन्याच तत्त्वावर काम भागवतो. 'डॉट इन'साठी तेवढी पंचांची स्वतंत्र व्यवस्था आहे.

ते 'डॉट इन' २००५ साली सगळ्यांना खुलं झालं. तेव्हा मी नगरमध्ये सायबर कॅफे चालवणाऱ्या एका वर्गमित्राकडे पडीक असायचो. त्याने या धंद्याबद्दल कुठेतरी वाचलं आणि वही काढली. वहीत जिल्ह्यातल्या प्रसिद्ध माणसांची यादी. आमच्या जिल्ह्यात ती कमी नाहीत: श्रीरामपूरचा झहीर खान तेव्हा भारताच्या गोलंदाजीचा कणा होता, सदाशिव अमरापूरकर होते, राळेगणचे अण्णा होते, शिवाय संत आणि कीर्तनकार वेगळेच. मित्राने पाचसहा नावं घेतली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला. दोन वर्षं नूतनीकरणाचे पैसे भरले. एकही फोन आला नाही. तिसऱ्या वर्षी त्याने ती नावं सोडून दिली आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं, जे उत्तम चाललं.

या व्यवसायातलं हे न सांगितलं जाणारं सत्य आहे. लाखात विकलेल्या नावाची बातमी होते, पण वर्षाला काहीशे रुपये जाळून शेवटी सोडलेल्या हजारो रुमालांची होत नाही.

मित्राची खरी अडचण मात्र वेगळीच होती, आणि ती फक्त आपल्यासारख्यांनाच येते. मराठी नाव रोमन लिपीत लिहायचं कसं? झहीरमध्ये 'ई' एक की दोन? हजारे 'झेड'ने की 'जे'ने? शिंगणापूरमध्ये 'जी'नंतर 'ए' येतो का? आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे आपण 'रहाणे' म्हणतो, पण इंग्रजी कॉमेंटेटर ते रोमन स्पेलिंग वाचून पार वेगळंच काही म्हणतात. इंग्रजाच्या नावाला एक दार असतं, आपल्या नावाला चार खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून रुमाल पडू शकतो. २०१४च्या ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' आलं, देवनागरीत पत्ता घ्यायची सोय झाली, मराठीतसुद्धा. स्पेलिंगचा घोळ तिथे मिटतो. पण तुम्ही शेवटचा देवनागरी पत्ता कधी टाइप केलात? मीही नाही.

मग आलं २०११. एप्रिलमध्ये अण्णा जंतरमंतरवर बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव टीव्हीवर दिवसरात्र ऐकू येऊ लागलं. गांधी टोप्यांवर छापलं गेलं, 'मी अण्णा आहे'. मला त्या टोपीकडे बघून कायम डोमेनची आठवण व्हायची. मैदानात एक लाख माणसं एकाच वेळी अण्णा असू शकतात. इंटरनेटवर मात्र अण्णा एकच, ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो.

हे लवकरच अक्षरशः खरं ठरलं. अण्णांचा एक ब्लॉग होता. वर्डप्रेसच्या फुकट जागेवर, पत्त्यात 'अण्णा हजारे म्हणतात' अशा अर्थाचं इंग्रजी नाव. अण्णा मराठीत कागदावर लिहायचे आणि पत्रकार राजू परुळेकर ते ब्लॉगवर चढवायचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून अण्णांनी राळेगणमध्ये मौन धरलं होतं, त्यामुळे हा ब्लॉग हाच त्यांचा आवाज झाला. नोव्हेंबरमध्ये त्यावर लिहून आलं की अण्णांना टीम अण्णाची कोअर कमिटी बदलायची आहे. गदारोळ झाला. अण्णांनी आपण तसं म्हटल्याचं नाकारलं, परुळेकरांनी अण्णांच्या हस्ताक्षरातला मजकूर लोकांपुढे ठेवला, आणि प्रकरण ब्लॉग बंद करण्यावर जाऊन थांबलं. कोण खरं याचा न्यायनिवाडा मला इथे करायचा नाही, आणि हे सायबरस्क्वॉटिंगही नव्हतं. परुळेकर अण्णांच्या संमतीनेच लिहीत होते. पण माणसाचं नाव एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, ही विभागणी किती ठिसूळ असते ते त्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिलं.

त्याच वर्षी, ४ जुलैला, दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटलींच्या केसचा निकाल दिला होता. जेटलींना स्वतःच्या नावाचं डॉट कॉम घ्यायचं होतं, ते २००९मध्येच तिसऱ्याने अडवून विकायला ठेवलं होतं. न्यायालयाने जेटलींच्या बाजूने कौल दिला. काही नावं इतकी वेगळी आणि प्रसिद्ध असतात की त्यांना मार्काचं संरक्षण मिळायला हवं, हा त्यातला मुद्दा. तर्क बरोबर आहे. मला त्यातला दुसरा अर्थ खटकतो: प्रसिद्ध नसाल तर तुमचं नाव तुमचं आहे हे सिद्ध करणं कठीण. त्यात जेटली स्वतः ज्येष्ठ वकील.

अलीकडचे निकालही याच वाटेने गेले. अमिताभ बच्चन २०२२मध्ये आणि अनिल कपूर २०२३मध्ये दिल्लीत, अरिजित सिंह २०२४मध्ये मुंबईत उच्च न्यायालयात गेले. बातम्या झाल्या त्या आवाज, चेहरा आणि एआयच्या. पण तिन्ही प्रकरणांत त्यांच्या नावाची डोमेनही होती. पंचवीस वर्षांपूर्वीचा रुमाल अजून सीटवर पडलेलाच होता, फक्त बातमी व्हायला तो आता पुरेसा नव्हता.

इथे एक फरक करायला हवा. रुमालवाला वेगळा आणि तोतया वेगळा. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडल्यावर काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक माणूस उभा राहिला, कोकणात सैन्य जमवलं, किल्ले घेतले, आणि १७७६मध्ये पेशव्यांनी त्याला देहदंड दिला. त्याला भाऊंचं नाव विकायचं नव्हतं, भाऊंच्या नावाने राज्य करायचं होतं. रुमालवाला एवढा महत्त्वाकांक्षी नसतो. तो फक्त अडून बसतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एका तरुणाने जिओहॉटस्टार डॉट कॉम आधीच घेऊन ठेवल्याचं उघड केलं आणि रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा निम्मा देश त्याच्यावर खूश होता. खरं सांगायचं तर मीही. अडवून अडवलं कुणाला? ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याला.

आमच्या जिल्ह्यात मात्र गाठ तोतयांशी पडते. शिर्डीला रोज हजारो माणसं येतात, त्यातली बरीच परराज्यांतली. त्यांना खोली हवी, दर्शनाचा पास हवा. संस्थानाचा अधिकृत पत्ता साई डॉट ऑर्ग डॉट इन. पण आंध्रातल्या भाविकाने तो पाठ का करावा? तो फोनवर 'शिर्डी रूम' टाइप करतो आणि वर येईल त्यावर बोट ठेवतो. बरं, 'साई' या शब्दावर मालकी कुणाची? बाबांचं जन्मनाव कुणालाच ठाऊक नाही. खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी 'आओ साई' म्हणून हाक मारली आणि तेच नाव झालं, असं शिर्डीत सांगतात. दुसऱ्याने दिलेलं, सगळ्यांनी घेतलेलं नाव. स्टिंगच्या केसचे पंच इथे आले असते तर त्यांनी हात टेकले असते. (अरणगावच्या मेहेरबाबा ट्रस्टला ही चिंता नाही. त्यांच्या वेबसाइटचा पत्ता ट्रस्टच्या लांबलचक इंग्रजी नावाची सात आद्याक्षरं आहे. त्यावर रुमाल टाकायला आधी तो आठवायला हवा.)

शनिशिंगणापुरात तर घरांना दारं-कुलपं नाहीत ही ख्याती. २०२५मध्ये तिथल्या देवस्थानाच्या नावाने चालणाऱ्या बनावट ॲपचं प्रकरण विधानसभेत गाजलं. ऑनलाइन पूजा, तेलाभिषेक असं सांगून भाविकांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले, गुन्हा दाखल झाला. पैसे पाठवणारा माणूस देवाचं नाव वाचून पाठवतो. ते कुणाच्या खात्यात जातात हे त्याला दिसत नाही. ज्युलिया रॉबर्ट्सचं नाव अडलं तेव्हा तिचं फारतर वर्ष वाया गेलं. इथे नुकसान नावाच्या मालकाचं नसून त्या नावावर विश्वास ठेवणाऱ्याचं असतं, आणि त्याच्यासाठी जिनिव्हात पंच नाही.

आता 'आपली आजी'कडे येऊ. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, वय सत्तरीचं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. २०२०च्या लॉकडाउनच्या आसपास नातवाने त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत लाखो लोक बघू लागले. ऑक्टोबरमध्ये चॅनल हॅक झालं. म्हणजे रात्रीतून आजींच्या नावावर दुसराच मालक. काही दिवसांनी ते परत मिळालं. पण ते काही दिवस डोळ्यांपुढे आणा: त्यांच्याकडे ट्रेडमार्क नाही, नाव बारशाचं नव्हे तर नातवाने ठेवलेलं, शब्द म्हणाल तर 'आपली' आणि 'आजी', घराघरातले. विंटरसनबाईंना जे सिद्ध करता आलं ते सारोळ्यातून सिद्ध करायचं तर दीड हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, आधी मोजायचे. गूळ-शेंगदाण्याच्या हिशेबात हा आकडा केवढा होतो ते आजीच सांगू शकतील.

या सगळ्यात आमच्या जिल्ह्याचंच नाव बदललं. ३१ मे २०२३ला चौंडीत अहिल्यानगर या नावाची घोषणा झाली, मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, केंद्राची परवानगी ऑक्टोबरमध्ये आली. सोळा महिने. डोमेन घ्यायला पाच मिनिटं लागतात. सरकारचं ठीक आहे, 'गव्ह डॉट इन' खाजगी माणसाला मिळतच नाही. प्रश्न दुकानांचा, क्लासेसचा, पतसंस्थांचा, ज्यांच्या पत्त्यात जुन्या शहराचं नाव आहे.

मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो, त्यामुळे हे सगळे माझ्याकडे आले. सगळ्यांचा एकच प्रश्न: नवं नाव मिळतंय का? मी उलटा विचारायचो, जुन्याचं काय करणार? बहुतेकांचं उत्तर, सोडून देऊ, उगाच पैसे कशाला भरायचे. मग समजावून सांगावं लागे. मुदत संपली की डॉट कॉम साधारण दोन-अडीच महिन्यांत पुन्हा बाजारात येतं आणि अशी सुटलेली नावं टिपायला जगभर यंत्रं टपून बसलेली असतात. जो घेईल त्याला नुसती पाटी मिळत नाही. त्या नावावर येणारे ईमेलही त्यालाच मिळतात. पतसंस्थेच्या जुन्या पत्त्यावर कुणी ठेवीदाराने पॅनकार्ड पाठवलं, तर ते थेट त्याच्या हातात. तो रुमालवाला निघतो की तोतया, हे नंतर कळणार.

कापडबाजारातले एक दुकानदार हे ऐकून बराच वेळ गप्प होते. नाव बदलावं असं वाटणाऱ्यांपैकी ते, आंदोलनालाही गेलेले. मग म्हणाले, "जुनं किती वर्षांचं एकदम भरता येतं?" दहा, मी म्हटलं. त्याहून जास्त कुणालाच मिळत नाही. त्यांनी दहा वर्षांचे पैसे भरले. पाटी नवी आहे, बिलावर नाव नवं आहे, आणि साड्यांच्या ऑर्डरी अजूनही जुन्याच पत्त्यावर येतात.